मार्कातला जावई

२४ एप्रिल १९६६, मोशी

शालनची सुपारी फुटली. चऱ्होलीच्या अण्णासाहेबांच्या घरी दिली. साक्षरतेच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या होत्या, रोज चार ओळी लिहा, नाहीतर शिकलेली अक्षरं गंजतील. रोज मला जमायचं नाही. काही झालं तर लिहीन. आज झालं.

मुलगा सुरेंद्र. चिंचवडच्या एका कंपनीत फिटर आहे. कंपनीनेच त्याला शिकायला जर्मनीला धाडलंय. तिथे महिना पाचशे मार्क मिळतात. मार्क म्हणजे त्यांचा रुपया, पण आपल्यापेक्षा जरा धट्टाकट्टा. एका मार्काला एक रुपया एकोणीस पैसे.

आमच्या पट्ट्यात कंपन्या आल्यापासून नवऱ्यामुलाचा भाव पगारात सांगतात. टेंपरवारी असेल तर दोन पगार, पर्मनंट असेल तर तीन, फॉरिनला गेलेला असेल तर चार. पूर्वी एकरात सांगायचे. अण्णासाहेबांना आकडा कागदावर हवा होता. मी म्हटलं, सरकारनं हुंड्यावर कायदा केलाय, कागद कुणी दाखवला तर तुम्ही आणि मी दोघं आत. नुसतं 'चार पगार' म्हणा, पंचांसमोर तोंडाचा शब्द. पंच म्हणाले, तानुबाईचं डोकं चालतं. चालतंच.

म्हणजे दोन हजार तीनशे ऐंशी. आमच्याकडे चोवीसशे जमलेत, माझ्या दुधाचे आणि ह्यांच्या सोसायटीचे. हे म्हणजे आमचे ज्ञानदेव, भोसरीच्या कारखान्यात वॉचमन. सगळ्या बैठकीत एकदाच बोलले. म्हणाले, चहा टाकायला सांगू का.

३ मे

शालन सांगत होती, जर्मनीत या दिवसांत रात्री जेवायच्या वेळेलाही उजेड असतो, आणि लोक बटाटा भाकरीसारखा रोज खातात. सातवी होऊन तीन वर्षं झाली तरी पोरगी भूगोलाचं पुस्तक वाचतेय. त्यापेक्षा गोवऱ्या थापाव्यात.

पोस्टमन वेशीत दिसला की हिला म्हशींना पाणी पाजायची आठवण होते. म्हशी तोवर दोनदा प्यालेल्या असतात.

६ जून, सोमवार

दूध घालायला पिंपरीच्या कॉलनीत गेले तर मधुसूदन साहेब पेपर पुढ्यात घेऊन सुतक लागल्यासारखे बसलेले. तिथल्याच कंपनीच्या हिशोब खात्यात आहेत. त्यांच्या बायकोनं, अरुंधतीबाईंनी, पातेलं पुढं केलं आणि म्हणाल्या, आज यांच्याशी बोलू नका, काल रात्री सरकारनं रुपयाचा भाव उतरवला.

मी विचारलं, माझ्या डब्यातल्या रुपयाचं काय? साहेब म्हणाले, तो आहे तसाच. मग उतरलं काय? तर म्हणे परदेशात उतरला. म्हटलं, मी कुठं परदेशात रतीब घालते? असं म्हणून पुढच्या बिऱ्हाडाकडे गेले. शिकलेल्या माणसांना दुःख करायला कारण लागत नाही.

घरी हे सांगितलं तर शालन चूल फुंकता फुंकता थांबली. मार्क कितीला झाला ते विचारलंस का, म्हणाली. मी म्हटलं, तुला कशाला पंचायती? तर पुन्हा फुंकायला लागली. चूल केव्हाच पेटली होती.

८ जून

अण्णासाहेब दुपारच्या एस.टी.ने आले. धोतर परीटघडीचं आणि हातात पेढ्याचा पुडा. मला वाटलं, सुरेंद्रला बढती मिळाली.

"बढतीच म्हणा की, विहीणबाई," ते म्हणाले. "पोरगं पाचशे मार्कावरच हाय. पर मार्क आता एक रुपया साडेसत्त्याऐंशी पैशाला झाला. चार पगाराचं साडेसदतीसशे व्हत्यात."

मी पेढा तोंडात घातलेला होता. गिळता येईना आणि थुंकता येईना. म्हटलं, बोलणं झालं तेव्हाचा भाव धरा. तर म्हणाले, तेव्हा आकडा कुठं झाला व्हता? आकडा नको तुम्हीच म्हणालात. चार पगार ठरलं. पगार पोराचा, भाव सरकारचा, ह्यात माझा काय दोष? पंचांनी ऐकलंय.

पंचांनी ऐकलंयच. माझ्या डोक्याचं कौतुकही त्यांनीच केलंय.

वर म्हणाले, चिंचवडचं एक स्थळ पाच पगारावर बसून आहे, पण मी शब्दाचा माणूस. गेल्यावर ह्यांना म्हटलं, तुम्ही एक अक्षर का नाही बोललात? म्हणाले, पेढे चांगले होते.

साडेतेराशे रुपये कमी पडतात. ते येणार कुठून? तीन म्हशी आहेत, दोन विकल्या तर येतील. मग मागे एक म्हैस आणि एक वॉचमन.

९ जून

पेपरात म्हणे रुपया साडेछत्तीस टक्के उतरला. मग अण्णासाहेबांचे पैसे साडेसत्तावन्न टक्क्यांनी कसे वाढले? मधले एकवीस टक्के कुणाच्या घशात गेले? मला पक्कं वाटलं, म्हातारा चापतोय. सरळ मधुसूदन साहेबांना जाऊन धरलं.

ते कागदावर आकडे मांडायला लागले. वरचा खालून, खालचा वरून. त्यांचं मांडून होईना आणि माझं दूध नासायला आलं. शेवटी मीच म्हटलं, थांबा साहेब. शंभर मापांच्या हंड्यात साडेत्रेसष्ट मापं दूध आणि वर साडेछत्तीस मापं पाणी घातलं. आता पहिल्याइतकं निव्वळ दूध पोटात जायचं तर हंडा पुरेल का? वर आणखी साडेसत्तावन्न मापं घ्यावी लागतील. तेच ना हे?

साहेबांनी पडताळून पाहिलं आणि खूश झाले. म्हणाले, बरोबर, अगदी पैशापर्यंत बरोबर! आमच्या खात्यात कुणाला इतकं पटकन सांगता आलं नसतं.

अरुंधतीबाई पातेलं धरून उभ्या होत्या. त्यांनी पातेल्यात पाहिलं, मग माझ्याकडे.

"तानुबाई," त्या म्हणाल्या, "हा हिशोब तुमच्या इतका हातातला कसा?"

उद्यापासून त्यांचा अर्धा लिटर बंद. अण्णासाहेबानं मला वर एक गिऱ्हाईकही घालवायला लावलं. मी काही साडेछत्तीस घालत नाही. उन्हाळ्यात पंधरा, ते पण म्हशीच्या तब्येतीसाठी.

१२ जून, रविवार

काल चाकणच्या बाजारात कोंडीरामला म्हशींचा भाव विचारला. गुरांचा दलाल आहे, उभ्या जन्मात त्यानं कुणाच्या जनावराला चांगलं म्हटलेलं नाही. दोन्ही म्हशींना मिळून साडेतेराशे म्हणाला. मी म्हटलं, रुपया पडलाय, भाव वाढव. तो म्हणाला, मावशे, म्हैस काय जर्मनीची हाय व्हय?

रात्री ह्यांना म्हटलं, मोडूया हे लग्न. आज मार्क चढला म्हणून मागतोय, उद्या त्याच्या शेतातली वांगी चढली म्हणून मागेल. शालन भांडी घासत होती. राख लावलेल्या हातांनीच उठून आली.

"मोडू नको, आई," म्हणाली. "मला हेच घर पायजे."

अजून मुलाला धड पाहिलेलंही नाही, तो जर्मनीला जायच्या आधी एकदा चहा देताना काय ते. मी काही बोलायच्या आत तिनं सांगितलं, भांडू पण नको. त्यांना म्हणावं, अक्षता पडतील त्या दिवशी जो पगार असेल तो धरा. आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठेवा. मी विचारलं, त्यानं काय होणार? खाली बघून म्हणाली, तोवर सुधरंल सगळं.

सरकारवर इतका विश्वास ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. भोळी आहे. मी सांगणार होते की रुपया एकदा पडला की उठत नाही. पण तिच्या डोळ्यात पाणी होतं. राखेनंही येतं म्हणा.

१८ जून, शनिवार

चाकणच्या बाजारात अण्णासाहेब भेटले, कोंडीरामच्या खुंट्यापाशीच. शालननं सांगितलं होतं ते मी बोलून टाकलं. मनात म्हणत होते, नाही म्हणू दे, म्हणजे भांडायला मोकळी.

त्यांनी आधी तोंड वाकडं केलं. मला आत्ताच द्या, लग्न मागनं करू, म्हणाले. तेवढ्यात बाजूचा कांद्याचा व्यापारी म्हणाला, अण्णासाहेब, घाई करू नका, पुण्याला बोलवा हाय, रुपया अजून पडणार. दिवाळीला मार्क तीन रुपयाला जाईल.

अण्णासाहेबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिथल्या तिथे शंभर माणसांत हात वर करून म्हणाले, "ठरलं. तुळशीच्या लग्नानंतर. अक्षतांच्या दिवशीचा पगार, ज्यास्त हुईल नायतर कमी हुईल, आमी मागं फिरनार न्हाई. ऐकलं का रं कोंडीराम?"

कोंडीराम म्हणाला, ऐकलं, पण मला काय मिळणार ह्यात?

तीन रुपये मार्क म्हणजे चार पगाराचे सहा हजार. घरी आल्या आल्या मी शालनवर तोंडसुख घेतलं. हिच्या नादानं दोन म्हशी जात होत्या, आता गोठा, घर आणि वॉचमनही जाणार. तिनं ऐकून घेतलं आणि मला गरम भाकरी वाढली. वर तूप. तुपाला कुणी सांगितलं होतं?

४ ऑगस्ट

अधिक महिना आलाय. धोंड्याचं वाण जावयाला द्यायचं म्हणून अण्णासाहेबांचा निरोप. अजून लग्न नाही, जावई समुद्रापार, तरी वाण पाहिजे. तेहेतीस अनारसे केले. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळतेय आणि मी अण्णासाहेबांसाठी तांदूळ भिजवतेय. गूळ कुठून आणला ते माझं मला ठाऊक.

चऱ्होलीला नेऊन दिले. अण्णासाहेब ओसरीवर बसून मुलाच्या नावानं एकेक खात होते. अनारसे मार्कात नसतात म्हणून तेहेतीसवर भागलं, नाहीतर बावन्न मागितले असते. त्यांची बायको अंबुबाई मला आत घेऊन गेली. म्हणाली, माझ्या माणसानं मागच्या वर्षी असाच भाव वाढंल म्हणून कांदा धरून ठेवला व्हता, शेवटी म्हशींना घातला. बाई चांगली आहे. शालनला सासू बरी मिळेल, मिळाली तर.

१९ सप्टेंबर

आजकाल मी रोज कुणा ना कुणाला मार्काचा भाव विचारते. पिंपरीतल्या पानवाल्याला विचारलं, तो म्हणाला हे पान आमच्याकडे मिळत नाही. अरुंधतीबाईंच्या दारात जायची सोय नाही, पण मधुसूदन साहेब रस्त्यात भेटले की स्वतःच सांगतात. अजून एक रुपया साडेसत्त्याऐंशीच. पडलेला नाही. उठलेलाही नाही.

शालनला म्हटलं, कुठं सुधारला तुझा रुपया? म्हणाली, सुधरंल, दसऱ्याच्या सुमाराला. दसऱ्याला! सरकार काय आपट्याची पानं वाटणार आहे? हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

२५ ऑक्टोबर

सुरेंद्र परत आला. जर्मनीतलं शिक्षण संपलं म्हणे, कंपनीनं बोलावून घेतलं. दसऱ्याचं सोनं द्यायला अण्णासाहेबांबरोबर मोशीला आला होता. उंच झालाय, आणि बोलताना माणसाकडे बघतो. अण्णासाहेब साऱ्या आळीला सांगत होते, साहेब होऊन आलाय, आता हितंच मार्कात पगार घेणार. मुलगा आभाळाकडे बघत होता.

पगाराचं विचारायचं माझ्या जिवावर आलं. कधी नव्हे ते घाबरले. आकडा कानावर पडला की म्हशी दावणीतून सोडाव्या लागणार.

आणखी एक घोर लागलाय. शालन पाणी घेऊन आली तर दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं तांब्या ठेवला, त्यानं उचलला, झालं. नवी माणसं चोरून तरी बघतात. ही दोघं वीस वर्षं संसार केल्यासारखी कंटाळलेली. पोरगी आवडली नसेल तर काय करायचं? त्याला एक लाडू जास्त वाढला. तो म्हणाला, तुमच्या पंढरपुरी म्हशीचं दूध आता किती आहे? माझी एक म्हैस पंढरपुरी आहे हे ह्याला जर्मनीत कुणी सांगितलं असेल?

२६ नोव्हेंबर, शनिवार

उद्या अक्षता. आज संध्याकाळी वऱ्हाड आलं. हे सगळं आत्ताच लिहून ठेवते, उद्या वेळ नाही.

कोंडीराम दुपारपासून गोठ्याबाहेर दावं हातात घेऊन बसला होता. पैसे मोजून देणार आणि म्हशी नेणार. मी त्या दोघींकडे बघत नव्हते. त्याही माझ्याकडे बघत नव्हत्या, वैरण खात होत्या. जनावराला काही कळत नाही ते बरं.

मांडवात पंच बसले. अण्णासाहेबांनी पेपरचा तुकडा खिशातून काढला. रुपया तीनला पडला नाही याचं त्यांना दुःख होतं, पण साडेसदतीसशेवर आपण समाधानी आहोत असं म्हणाले, माझ्यावर उपकार केल्यासारखं. पंचांनी रीत म्हणून सुरेंद्रला पुढे बोलावलं आणि पगार विचारला.

"तीनशे दहा," सुरेंद्र म्हणाला.

"अरं मार्कात सांग," अण्णासाहेब म्हणाले.

"मार्क जर्मनीत मिळत होते, अण्णा. मी चिंचवडात काम करतो. कंपनी रुपयात देते. गेल्या एकतारखेपास्नं तीनशे दहा."

गोठ्यातलं रवंथ मांडवापर्यंत ऐकू आलं. अण्णासाहेब म्हणाले, पण तिकडचा पगार? तर मुलगा म्हणाला, तिकडचा तिकडं राहिला. मग अण्णासाहेब पंचांकडे वळले, की ठरलं तेव्हा पोरगा जर्मनीत होता, तेव्हाचा धरा. आणि मी तोंड उघडणार तोच मागून आवाज आला. कोंडीराम दावं खांद्यावर टाकून मांडवात घुसला होता.

"न्हाई हां," तो म्हणाला. "चाकणच्या बाजारात माज्या खुंट्याम्होरं तुमीच बोल्ला. अक्षतांच्या दिवशीचा, ज्यास्त हुईल न्हाईतर कमी. मला साक्षीदार केलंत. आता माजा सौदा मोडतोय, पर बोल्ला त्ये बोल्ला."

दलाल माणूस आपला सौदा मोडून खरं बोललेला मी पहिल्यांदा पाहिला. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण लगेच विचारलं जेवण कधी आहे.

पंचांनी बोटांवर गुणाकार केला. बाराशेचाळीस. मी आत जाऊन मोजून आणले आणि अण्णासाहेबांच्या हातावर ठेवले. एरवी मी काही तरी बोलले असते. पण त्यांचा चेहरा असा झाला होता की तोंडातलं तोंडात राहिलं. अंबुबाई पदर तोंडाशी धरून हलत होती. म्हणाली, "मानसाचा भाव करू नगा म्हनलं व्हतं. तुमाला तर कांद्याचा बी जमत न्हाई."

ह्यांनी विचारलं, चहा टाकायला सांगू का? या खेपेला बरोबर वेळेवर बोलले.

झोपायच्या आधी गोठ्यात जाऊन आले. तिघी आहेत.

३० नोव्हेंबर

लग्न पार पडलं. गावात सगळे म्हणतात, तानुबाईनं म्हाताऱ्याला कसा गुंडाळला. मी ते खोडून काढत नाही. पोरानं आकडा सांगितल्यावर मी एक शब्द बोलले नाही, गप्प बसण्यालाही डोकं लागतं. शालनचं रुपया सुधारण्याचं काही खरं झालं नाही, मार्क आहे तिथंच आहे. दैव म्हणून निभावलं.

काल मांडव परतणीला दोघं आली. सुरेंद्र ह्यांच्याबरोबर बाहेर बसला. दोघांनाही बोलायची सवय नाही, त्यामुळे त्यांचं छान जमलं. शालन चुलीपाशी माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, आई, तुझे किती वाचले? म्हटलं, चोवीसशेतून बाराशेचाळीस गेले, मोज तूच.

"त्यातले निम्मे मला दे," म्हणाली. "चिंचवडला खोली बघून ठेवलीय आमी. अनामत भरायची हाय."

खोली! चऱ्होलीचं एवढं मोठं घर टाकून! आणि बघून ठेवली कधी, लग्नाला दोन दिवस झाले! मी विचारलं तर म्हणाली, सुरेंद्रच्या मित्रानं जूनमध्येच बोलून ठेवली होती, कंपनीपासून चालत जाता येतं. आणि अण्णा रोज पेपर आला की सुरेंद्रला पगार विचारतात, ते त्याला सोसत नाही. अंबुबाईंना सांगितलंय, त्या म्हणाल्या मी पण येऊन जाऊन राहीन.

मी म्हटलं, दुधाच्या पैशातून एक छदाम देणार नाही. मग तिच्याकडे पाहिलं. मग पाचशेऐंशी मोजून दिले. तिनं पुन्हा मोजले.

जूनमध्ये कशी काय बोलून ठेवली ते मात्र माझ्या ध्यानात येईना. खोल्यांची टंचाई आहे म्हणतात, असेल आधी धरावी लागत.

पण पोरगी व्यवहाराला कच्ची. खोलीवाला चेहरा बघूनच चार पैसे जास्त लावेल, ही मान हलवेल, आणि सुरेंद्र आभाळाकडे बघेल. उद्या दूध घालून झालं की मीच चिंचवडला जाते. भाड्याचं मी बोलते म्हटलं. भाडं रुपयात बोलायचं आणि आकडा कागदावर घ्यायचा.